सारजाबाईनं सांगितलेलं लहानपण

मालकांच्या घरातलं कुणी टेकडी चढून वाडीवर आलं, की बायका आधी पदर सारखा करीत आणि मग पोरांना घरात ओढीत. वैष्णवी आली त्या दिवशीही तसंच झालं. पण ती काही भातलावणीला माणसं सांगायला आली नव्हती. तिच्या एका हातात मोबाईल लावायची तीन पायांची काठी होती, दुसऱ्या हातात थर्मास. ती थेट सारजाबाईच्या अंगणात आली आणि सारवलेल्या भुईवर मांडी घालून बसली.

"सारजाआजी, ओळखलंत का मला?"

सारजाबाईनं ओळखलं होतं. थोरल्या मालकांची, कुशाबांची नात. लहानपणी करवंदं आणून दिली की फ्रॉकच्या ओच्यात घेऊन पळायची तीच. पण त्या घरातून तिला आजवर कुणी आजी म्हटलं नव्हतं. कुशाबांपासून शेंबड्या पोरांपर्यंत सगळ्यांसाठी ती 'सारजे' होती. त्या घरी तिला चहा मिळायचा तो गोठ्याच्या कोनाड्यात पालथ्या घातलेल्या कपातून. प्यायचा, आपणच विसळायचा आणि परत कोनाड्यात ठेवायचा. तिच्या आईचाही कप तिथंच असे.

वैष्णवीनं थर्मासातला चहा दोन सारख्याच कपांत ओतला आणि एक तिच्यापुढं केला.

आंबेटेक गावच्या वरच्या अंगाला, धरणाचं पाणी जिथून पसरलेलं दिसतं त्या टेकडीवर ही कातकऱ्यांची वाडी. कुडाच्या भिंतींची थोडीशी घरं. माणसं मालकांच्या भातात राबायची, रानातून मध, डिंक आणि पावसाळ्यात खेकडे आणून रस्त्याकडेला विकायची. सारजाबाई त्यांच्यात सगळ्यात म्हातारी. नवरा कधीच गेला होता. लेक कान्हू आणि सून कमळ यांच्याबरोबर ती राहायची. गुडघे गेले होते, पण जीभ आणि आठवण शाबूत होती. वाडीतल्या कुणाला आपल्या आज्याचं नाव हवं असलं तरी तो सारजाबाईकडे येई.

वैष्णवी हिंजवडीच्या एका कंपनीत कामाला होती आणि भूगावला फ्लॅट घेऊन राहायची. कंपनीनं तिला दोन वर्षं इंग्लंडला धाडलं होतं. तेही मोठ्या शहरात नाही, खाणी बंद पडलेल्या एका आडगावी. तिथं चर्चच्या बाजूच्या हॉलमध्ये म्हातारी माणसं जमत, चहा-बिस्किटं खात आणि आपलं लहानपण सांगत. कुणीतरी ते रेकॉर्ड करून ठेवी. परक्या देशात जीव रमेना म्हणून वैष्णवी तिथं जाऊन बसू लागली. पाव भाजायचं दुकान कुठल्या कोपऱ्यावर होतं, दूधवाल्याच्या घोड्याचं नाव काय होतं, यावर ती माणसं भांडायची, हसायची, मध्येच रडायची. आपल्या गावाचं असं कुणी काही जपलेलं नाही याची तिला तिथं बसून खंत वाटली. परत आल्यावर तिनं फेसबुकवर 'आंबेटेकच्या आठवणी' नावाचं पान काढलं आणि सुट्टीच्या दिवशी गावातल्या म्हाताऱ्यांना बोलतं करू लागली. गावातले चारपाच जण झाले. मग कुणीतरी म्हणालं, खरं जुनं माणूस म्हणजे वाडीवरची सारजी.

"मी काय सांगनार बाय? आमी रानातली मान्सं," सारजाबाई म्हणाली.

"हे बघा," म्हणून वैष्णवीनं मोबाईल तिच्यापुढं धरला. पडद्यावर पांढऱ्या केसांची, गुलाबी गालांची एक गोरी म्हातारी बोलत होती. ती काय म्हणते ते वैष्णवी मराठीत सांगत गेली. हिचा बाप कोळशाच्या खाणीत होता. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा त्याचे फक्त डोळे पांढरे दिसायचे. आई चुलीपुढं पाण्याची घंगाळी ठेवायची आणि ही लहानगी त्याची पाठ चोळायची. कितीही चोळली तरी काळं जायचं नाही.

सारजाबाईनं मोबाईल हातात घेतला आणि अगदी जवळ धरला.

"हिचा बाप बी कोळशात?"

"हो ना."

"माजा बी," सारजाबाई म्हणाली. "आमची मान्सं भट्टी लावायची. लाकूड रचायचं, वरनं पाला, वरनं माती. मंग आतल्या आत धुमसतं ठेवायचं. बा घरी आला का त्येचं बी निस्तं डोळं दिसायचं." ती हसली. "पर आमच्यात घंगाळी कुटली. वढ्यात जायचा. म्या दगडानं पाठ घासायची."

वैष्णवीनं हळूच मोबाईल काठीवर बसवला होता. सारजाबाईला ते कळलं, आणि आवडलंही. कुण्या साता समुद्रापलीकडच्या गोऱ्या बाईचं लहानपण आणि आपलं लहानपण एकाच कोळशानं काळं झालेलं, हे तिला फार नवल वाटलं. ती सांगत सुटली. थंडीत भट्टीच्या उबेला पाठ लावून झोपायचं, ते. रानातले करांद्याचे कंद राखेत भाजायचे, ते. बापाच्या खांद्यावर बसून जंगल तुडवताना पानं तोंडाला लागायची आणि तो म्हणायचा डोळं मिट, ते. आईला खेकड्याचं बीळ पाण्याच्या आवाजावरून कळायचं, ते. वैष्णवी गालावर हात ठेवून ऐकत होती. मध्येच तिनं विचारलं,

"आणि माझे आजोबा? ते कसे होते हो तेव्हा? मला ते फार आठवतात. मला मांडीवर घेऊन भात भरवायचे."

सारजाबाईनं हातातला कप भुईवर ठेवला.

तिचा बाप बहिरू मालकांच्या भट्टीवर कामाला असतानाच कोकणातल्या बहिणीचं बाळंतपण अवघड झालं म्हणून निरोप आला होता. तो न विचारता घाट उतरून गेला. कुशाबांनी माणसं पाठवून त्याला परत आणला आणि वाडीच्या तोंडाशी असलेल्या ऐनाच्या झाडाला बांधला. सगळ्या वाडीला उभं करून मारला. बैलाच्या जूची शिवळ, ती लाकडी दांडी, घेतली होती हातात. गुडघ्यावर घाव बसला तेव्हा जो आवाज झाला तो सारजाबाईला अजून ओळखता आला असता. ती लहान होती. नारळाच्या करवंटीत पाणी घेऊन ती बापाजवळ गेली, तेव्हा कुशाबांनी ते पाणी पायानं उडवलं होतं. त्यानंतर बहिरू सरळ चालला नाही. त्याच्या वाटणीचं काम आईनं केलं, आणि आई त्यातच गेली.

हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. वाडी कुशाबांच्या आधीची आहे हेही ठाऊक होतं. सारजाबाईच्या आईची आई इथंच जन्मली होती. टेकडी मालकांच्या नावावर कधी आणि कशी झाली, ते मात्र कुणाला कळलं नव्हतं.

पण समोर ही पोर होती. तिच्या डोळ्यांत आजा होता, भात भरवणारा. तिनं आपल्या हातानं चहा दिला होता, आजी म्हटलं होतं. आणि शिवाय सारजाबाईला आयुष्यभराची सवय होती. त्या घरातून प्रश्न आला, की हवं ते उत्तर द्यायचं. पाऊस येईल का म्हटलं तर येईल, मजुरी पोचली का म्हटलं तर पोचली.

"देवमानूस," सारजाबाई म्हणाली.

वैष्णवीचा चेहरा असा उजळला, की सारजाबाईला आणखी सांगावंसं वाटलं. आता गोष्टीला लय आली होती, आणि गोष्ट सांगायला तिला मुळातच फार आवडायचं.

"आमी कुटली मान्सं, बाय. आज हितं, उद्या तितं. पाखरावानी. तुज्या आज्यानंच आमाला हितं आनलं. त्येच्या आदी ही टेकडी निस्ती रानाची. म्हनलं, बहिरू, ऱ्हा हितं, ही माजी जागा हाय, तुला कोन उठवनार न्हाई. बाला जवारी दिली, आयेला लुगडं दिलं. तवापासनं आमी त्येंच्या सावलीत हाय."

वैष्णवी रडत होती. तिनं मोबाईल बंद केला आणि म्हातारीच्या गळ्यात हात टाकले. सारजाबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिच्या ओल्या केसांना कसलातरी गोड वास येत होता.

कान्हूला हे कळलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "काय काय बोल्लीस?"

"लहानपनीचं. भट्टीचं, करांद्याचं."

कान्हू दिवसभर निरंजनबरोबर हिंडून दमला होता. निरंजन हा आदिवासींच्या संघटनेचा कार्यकर्ता. वाडीची जागा गावठाण म्हणून वाडीच्या नावानं व्हावी, यासाठी त्यानं अर्ज टाकला होता. त्याला घाई होती, कारण वैष्णवीच्या थोरल्या भावानं, इंद्रजितनं, टेकडी बंगल्यांच्या प्लॉटसाठी द्यायचं ठरवलं होतं आणि खालच्या अंगाला तारेचं कुंपणही सुरू झालं होतं. हे सगळं वाडीत बोललं जायचं, पण म्हातारीशी कुणी बोलायचं नाही. तिला काय कळणार, असं कान्हूला वाटायचं. म्हातारीलाही वाटायचं, ही पोरांची कामं.

महिनाभरानं देवळाच्या सभामंडपात पडदा लावून वैष्णवीनं सगळ्या आठवणी गावाला दाखवल्या. सारजाबाईला न्यायला गाडी आली. तिला पहिल्या रांगेत खुर्चीवर बसवलं. त्या देवळाच्या पायरीवरसुद्धा ती कधी बसली नव्हती. पडद्यावर आपला एवढा मोठा चेहरा बघून तिनं तोंडावर पदर घेतला. 'देवमानूस' म्हणाली तेव्हा टाळ्या पडल्या. इंद्रजितनं तिच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि वाकून तिच्या कानाशी म्हणाला, "सारजे, लई बरं बोललीस." त्यानं वैष्णवीकडून ते रेकॉर्डिंग आपल्या मोबाईलवर मागून घेतलं. आजोबांची आठवण म्हणून घेतोय, असं वैष्णवीला वाटलं, आणि तिनं कौतुकानं पाठवलं.

कान्हू मंडपाच्या बाहेर चपलांपाशी उभा होता. परत येताना तो गाडीत बसला नाही. टेकडी चढून पायी आला. घरी आल्यावर त्यानं आईला विचारलं, "तिच्या आज्यानं आनलं आमाला हितं?"

"आरं, पोरीचं मन राखलं. काय बिगाडलं त्येच्यात?"

कान्हूनं निरंजनला फोन लावला. निरंजन म्हणाला, म्हातारीला अर्जाच्या सुनावणीला आणा. तिच्या तोंडून खरं आलं तर सगळं निभावेल. सगळ्यात जुनी साक्ष तिचीच आहे.

तालुक्याच्या कचेरीत सुनावणी होती. वाडीतली माणसं कामं बुडवून आली होती आणि व्हरांड्यात दाटीनं उभी होती. आत टेबलामागे एक साहेब. तरुण होता, शांत आवाजात बोलायचा. त्यानं सारजाबाईला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. एका बाजूला निरंजन आणि कान्हू. दुसऱ्या बाजूला इंद्रजित, त्याचा वकील आणि कोपऱ्यात वैष्णवी. भावानं बोलावलं म्हणून ती रजा टाकून आली होती. सारजाबाई तिच्याकडे बघून हसली. तीही हसली.

"आजी, वाडी तिथं केव्हापासून आहे?" साहेबानं विचारलं.

"माजी आये हितं जन्मली. तिची आये बी हितंच," सारजाबाई म्हणाली. निरंजननं सांगितलं होतं, घाबरायचं नाही, फक्त खरं बोलायचं. तिला वाटलं, हे सोपं आहे. "मालक मागनं आलं. आमी आदीपासनं हाय."

वकिलानं इंद्रजितकडे पाहिलं. इंद्रजितनं मोबाईल टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला.

खोलीत सारजाबाईचा आवाज भरला. गोड, रसाळ, मजेत आलेला. पाखरावानी. त्येच्या आदी ही टेकडी निस्ती रानाची. ही माजी जागा हाय. तुज्या आज्यानंच आमाला हितं आनलं. व्हरांड्यातून वाडीची माणसं दारात दाटली. त्यांनीही ऐकलं.

"हा आवाज तुमचाच ना, आजी?"

"व्हय."

"मग यातलं खरं कुठलं? आत्ता बोललात ते, की हे?"

सारजाबाईनं वैष्णवीकडे बघितलं. पोर खाली बघत होती.

"सायेब, त्ये म्या गोड लावून सांगितलं. पोरीला बरं वाटावं म्हून."

वकील हसला नाही. तो अगदी नम्रपणे म्हणाला, "म्हणजे ऐकणाऱ्याला बरं वाटावं म्हणून आजी काहीही सांगतात. आज वाडीला बरं वाटावं म्हणून सांगतायत, एवढाच याचा अर्थ होतो, साहेब."

साहेब पेन हातात फिरवत राहिला.

मग सारजाबाईनं सांगितलं. ऐनाचं झाड, बापाला बांधला ते, शिवळ, गुडघा, करवंटीतलं पाणी. पण ही गोष्ट तिनं कधी कुणापुढं मांडली नव्हती, तिला सांगायची सवय नव्हती. ती मागचं पुढं करत गेली. झाड कुठल्या बाजूला होतं ते तिला हातानं दाखवावं लागलं आणि त्या खोलीत तिची दिशाच चुकली. आत्याचं नाव विसरली. दम लागला. भट्टीची गोष्ट जशी सरसर आली होती तशी ही येईना.

"झाड आहे का तिथं अजून?" साहेबानं विचारलं.

"तोडलं. मालकांनीच तोडलं."

"त्या वेळचं पाहिलेलं आणखी कुणी आहे?"

"सगळी गेली, सायेब."

इंद्रजित उभा राहिला. "साहेब, ज्या माणसानं हिच्या बापाला आसरा दिला, त्याला आज ही मारेकरी म्हणतीय. हिला कुणी शिकवलं ते तुमच्यासमोरच बसलेत." त्यानं निरंजनकडे बोट केलं. "माझी बहीण इथंच आहे. तिलाच विचारा, कुणी दबाव आणला होता का."

वैष्णवी उठली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"नाही," ती म्हणाली. "कुणीच दबाव आणला नाही. आजी स्वतःहून बोलल्या. मी फक्त आजोबा कसे होते एवढंच विचारलं होतं."

त्यात एक शब्द खोटा नव्हता.

बाहेर आल्यावर सारजाबाई वैष्णवीच्या वाटेत उभी राहिली. या पोरीला कळेल, असं तिला आतून वाटत होतं. हिनं ऐकलं होतं, गालावर हात ठेवून ऐकलं होतं. पण वैष्णवीच डोळे पुसत म्हणाली,

"आजी, तुम्ही असं का केलंत? मी किती विश्वासानं आले होते तुमच्याकडे. भांडण जमिनीचं आहे, ते तुम्ही आणि दादा बघा. पण माझ्या आजोबांबद्दल इतकं घाण बोलायची काय गरज होती?"

ती गाडीत बसून गेली. दुखावलेलं माणूस जसं जातं तशी, मागं न बघता.

अर्ज फेटाळला गेला. जागा खासगी, वस्ती मालकाच्या परवानगीनं झालेली, असं निरंजननं वाडीला वाचून दाखवलं. वर दाद मागता येईल, असंही तो म्हणाला, पण त्याच्या आवाजात जोर नव्हता, आणि कुंपणाचे खांब तोवर वाडीच्या पाणवठ्यापर्यंत आले होते.

वाडीनं सारजाबाईला शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर तिला सोसलं असतं. बायका पाण्यावर ती आली की हंडा अर्धा भरलेला असला तरी उचलून चालू लागत. आज्याचं नाव विचारायला आता कुणी येत नव्हतं. कमळ तिच्यापुढं ताटली ठेवायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची. कान्हूनं बोलणं सोडलं होतं. एकदा म्हातारीनंच विषय काढला.

"कान्हू, म्या मुद्दाम केलं व्हय रं?"

"न्हाई," कान्हू म्हणाला. "आयं, तू मुद्दाम केलं आसतंस तर म्या समजलो आसतो. पैशापायी केलं म्हनलो आसतो. तू निस्त्या एका कप च्यापायी केलंस."

पावसाळा संपून भातांत लोंब्या निसवल्या तेव्हा जेसीबी आला. बरोबर पोलीस होते, पण त्यांना काही करावं लागलं नाही. कुडाच्या भिंती पडायला वेळ लागला नाही. लोकांनी पत्रे, भांडी, कोंबड्या आधीच बाहेर काढल्या होत्या. काही घरं कोकणात वीटभट्टीवर निघाली, काही पाहुण्यांकडे. कान्हूला हिंजवडीला एका इमारतीच्या कामावर जागा मिळाली होती. ठेकेदार नवरा-बायकोला पत्र्याची खोली देणार होता. टेम्पोत सामान चढलं. सारजाबाई आपलं बोचकं घेऊन मागं उभी राहिली, आणि कुणी हात देईल म्हणून तिनं हात वर केला.

कान्हू टेम्पोतून खाली उतरला. तिला वाटलं, तो उचलून घेणार.

"ठेकेदार म्हातारी मान्सं घेत न्हाई," तो म्हणाला. "तू खाली मालकाकडं ऱ्हा. त्येंनी सांगितलंय, गोठ्याची खोली देतो म्हून."

"म्या तितं कशी ऱ्हाऊ?"

"का? त्येंनीच तुला आनलं न्हवं हितं?"

हे तो मोठ्यानं म्हणाला नाही. टेम्पोतल्या माणसांनी ऐकलं, आणि कमळनं नजर वळवली. टेम्पो उतारावरून धूळ उडवत गेला. सारजाबाई बराच वेळ उभी राहिली. मग एक पोलीस आला आणि म्हणाला, "चला मावशी, इथं आता थांबता येणार नाही."

इंद्रजितनं शब्द पाळला. गोठ्यामागची खोली झाडून दिली, गोधडी दिली. दोन वेळचं जेवण घरातून यायचं. सारजाबाई शेण काढायची, परसात केर काढायची. गावात इंद्रजितचं नाव झालं, की बघा, कोर्टकचेरी करूनसुद्धा म्हातारीला यानंच सांभाळली.

दिवाळीच्या सुट्टीत वैष्णवी गावी राहायला आली. दोन दिवस ती गोठ्याकडे फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती मोबाईल आणि काठी घेऊन. तिनं मनातून सगळं माफ करून टाकलं होतं, आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"आजी, झालं गेलं विसरू या," ती म्हणाली. "तुमच्या व्हिडिओला किती लोकांनी लिहिलंय माहितीये? तिकडच्या, इंग्लंडच्या लोकांनीसुद्धा. आणखी ऐकायचंय सगळ्यांना. आज सणांबद्दल सांगाल?"

सारजाबाई शेणाचे हात धुऊन आली. तिनं पदर सारखा केला आणि मोबाईलसमोर बसली. गेले कित्येक दिवस ती गोठ्यात गाईंना हेच सांगत होती. मनातल्या मनात लावत होती, आधी काय, मग काय. आता तिला झाडाची दिशा पक्की आठवत होती. आत्याचं नावही आठवलं होतं, भागी. ती बोलू लागली आणि या वेळी कुठं अडली नाही. बापाला कुठल्या दोरानं बांधला, कोण कोण उभं होतं, आई कशी गप राहिली, कुशाबांनी कुठला पाय उचलला. वाडी कुणाची होती. आणि आपण त्या दिवशी खोटं का बोललो, तेही तिनं सांगितलं, चहाचं, आजी म्हटल्याचं.

वैष्णवीनं तिला मध्ये तोडलं नाही. तिच्यावर तसे संस्कार नव्हते. सगळं ऐकून घेतलं. मग मोबाईल काठीवरून काढला, सारजाबाईच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "दमलात तुम्ही. पडा जरा."

स्वयंपाकघरात ती वहिनीला म्हणाली, आणि परसातून सारजाबाईला ते स्वच्छ ऐकू आलं, "भ्रम झालाय गं त्यांना. तिकडं कोर्टात त्या लोकांनी जे डोक्यात भरलं, तेच खरं वाटायला लागलंय. फार वाईट वाटतं बघून. बरं झालं, मी वेळेवर रेकॉर्ड करून ठेवलं."

नवीन रेकॉर्डिंग तिनं पुसून टाकलं. पानावर तिनं जुनंच पुन्हा टाकलं आणि खाली लिहिलं, की सारजाआजींची स्मृती आता गेली आहे, आपल्याकडे एवढाच ठेवा उरला. खूप लोकांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. त्यानंतर घरात कुणी पाहुणा आला आणि सारजाबाई काही बोलू लागली, की घरातलं कुणीतरी डोक्याशी बोट फिरवून पाहुण्याला खूण करी, आणि पाहुणा समजुतीनं मान हलवी.

थंडीत एकदा कमळ गावात आली. रेशन अजून इथल्याच दुकानात होतं. तांदूळ घेऊन ती एसटीच्या थांब्याकडे निघाली होती. सारजाबाईनं तिला कुंपणातून बघितलं आणि हातातला झाडू टाकून, गुडघे धरत, रस्त्यापर्यंत गेली. कमळ वाळली होती. केसांत सिमेंटची धूळ होती.

"कान्हू बरा हाय?"

"हाय."

"कमळे, म्या सांगितलं," सारजाबाई तिचा दंड धरून म्हणाली. "सगळं खरं सांगितलं त्या पोरीला. मोबाईलमदी. झाडाचं, बाचं, वाडीचं. काय बी ऱ्हायलं न्हाई. तू कान्हूला सांग."

कमळनं तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही. कामावरून आलेलं माणूस बघतं तसं.

"आता?" ती म्हणाली.

गाडी वळणावर दिसली. कमळनं दंड सोडवून घेतला, तांदळाची पिशवी डोक्यावर ठेवली आणि गाडीला हात केला.